हातचा

मी दात बनवते. दुसऱ्यांचे.
सोळा छटांच्या पांढऱ्यातून एक निवडून.
केसाएवढी फट राहिली तरी माणूस रात्रभर
जीभ तिथेच नेत राहतो.
म्हणून झ्युरिकहून आलेला आकडा
मी आधी खिडकीपाशी लांब धरून पाहिला,
मग जवळ.

पाच हजार सहाशे फ्रँक.

मारिबोरला गोराज्द माझ्या हातावर ठेवतो
बाराशे चाळीस युरो, आणि नाताळात हॅमचा एक तुकडा.
आईने पत्र दोनदा वाचलं, हात एप्रनला पुसले,
"चौपट," म्हणाली,
आणि जिन्यातच आंब्रोझना सांगूनही आली.
चौपट. साखरेच्या खड्यासारखा शब्द,
गालात धरावा तोवर संपलेला.

रात्री गॅसच्या बिलाच्या पाठीवर मांडलं.
कापूनकुपून हातात चार हजार आठशे वीस.
दोन खोल्या, तळमजला, खिडकी रुळांकडे: एकोणीसशे पन्नास.
आजारी पडायची परवानगी, माझी नि लेनार्टची मिळून:
चारशे पंच्याण्णव.
पाळणाघर, आठवड्याचे फक्त तीन दिवस: सोळाशे नव्वद.
(हे मी दोनदा मोजलं. चार वर्षांचं पोर ते,
झोपतं, पडतं, रेघोट्या ओढतं.)
ट्राम सत्त्याऐंशी.
खाली रेघ. पाचशे अठ्ठ्याण्णव.
त्यात जेवायचं, बूट झिजवायचे, आणि कचरा टाकायचा,
कारण तिथे कचऱ्याची पिशवीसुद्धा
ठरलेलीच घ्यावी लागते, महाग.

हे पिशवीचं ब्रीनाने सांगितलं. सहा वर्षं झाली तिला तिथे.
"पुरेल का गं?"
पलीकडे नळ वाहत होता. बराच वेळ.
"रविवारी काय करतेस तू?"
रविवारी? आईकडे. सूप, मग बटाटे.
लेनार्ट आंब्रोझच्या कोंबड्यांमागे,
मी सोफ्यावर, तोंड उघडं टाकून झोपलेली.
"मिळतं ते सगळं इथेही," ब्रीना म्हणाली,
"पण दर लावलेला असतो."

शाळेत बेरीज चुकली की बाई रागवायच्या नाहीत,
नुसतं विचारायच्या, हातचा कुठे गेला?
डोक्यावर बारीक लिहिलेला तो एक,
ओळीतल्या कुणाचाच नसलेला,
आणि तो सुटला की सगळं उत्तर खोटं.

मी बिल पुन्हा दिव्याखाली ओढलं.
आईचे बुधवार, आणि गुरुवार, आणि ताप आलेला कुठलाही वार.
आंब्रोझची आलुबुखारं, बादलीभर, न मागता.
मामाने गाडीचा पट्टा बदलला, बदल्यात एक बिअर.
गोराज्दचं ते "जा, जा, पोराकडे बघ",
ज्याचा तास त्याने कधी कापला नाही.
माझा पगार बाराशे चाळीस
कधी नव्हताच.

म्हणजे जाऊ नये? असंही नाही.
इथे महिनाअखेर सत्तर युरो उरतात
आणि गोराज्दची भट्टी माझ्याहून म्हातारी आहे.
तिथे नवं यंत्र आहे, मी फोटो पाहिलाय,
पाहून हात शिवशिवले, खोटं कशाला बोलू.
पण पुरून उरेल असं म्हणताना
आधी पुरतं काय नि उरतं कोण,
हे बिलाच्या पाठीवर मावेना.

सकाळी श्रीमती एशबाखरना लिहिलं:
आणखी चारशे मिळाले तर येईन.
उलट प्रश्न आला, सभ्य, दोन ओळींचा: चारशे कशासाठी?
"बुधवारसाठी" असं लिहिलं.
खोडलं.
"राहणीमानाचा खर्च" असं लिहून पाठवलं.

दुपारी एक दाढ घासत होते.
कमी पडली तर सलते,
जास्त झाली तर घास घेताना आधी तीच लागते.
फोन थरथरला.
अडीचशे, आणि शुक्रवारपर्यंत कळवा.

चष्मा पुसून मी बिल उलटं केलं, अजून कोरी जागा आहे का बघायला.
पुढच्या बाजूला गॅस कंपनीचा शिक्का होता.
बत्तीस युरो. मुदत कालच संपली.